भाकरीला भाकरी, वाइनला वाइन

इटालियन भाषेत एक वाक्प्रचार आहे. जो माणूस आडपडदा न ठेवता बोलतो तो पावाला पाव म्हणतो आणि वाइनला वाइन. मराठीत पावाच्या जागी भाकरी ठेवली तरी अर्थाला बाध येत नाही. मारिओ सोल्दाती या कथाकार आणि चित्रपट-दिग्दर्शकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या खेड्यापाड्यांतून हिंडून, तळघरांत उतरून, शेतकऱ्यांशी बोलून वाइनविषयी जे प्रवासलेखन सुरू केले, त्याला त्याने या वाक्प्रचाराचा उत्तरार्धच शीर्षक म्हणून दिला. वाइनविषयी लिहायला बसलेल्या साहित्यिकाला सर्वप्रथम सरळ बोलण्याची आठवण व्हावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण त्यानंतरच्या अर्धशतकात या विषयावर जगभर जे लिहिले गेले, आणि आता मराठीतही लिहिले जाऊ लागले आहे, त्यात सरळ बोलणेच सर्वांत दुर्मीळ झाले आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख त्या लेखनावर आहे. त्याचे दोन प्रकार ठळकपणे दिसतात. पहिला कोष्टकाचा : डाव्या रकान्यात पदार्थ, उजव्या रकान्यात वाइन, तांबड्या मांसाबरोबर रेड, माशांबरोबर व्हाइट, पास्त्याबरोबर 'कोणतीही इटालियन रेड'. दुसरा प्रकार वर्णनाचा : काळी चेरी, जुने चामडे, तंबाखूची पेटी, पावसाने भिजलेल्या अरण्यातील माती, आणि अखेरीस शंभरपैकी त्र्याण्णव गुण. पहिला प्रकार वाचकाला विचार करू देत नाही. दुसरा त्याला बोलू देत नाही. दोन्ही प्रकार स्वतःला रसिकतेचे शिक्षण म्हणवतात, आणि नेमका हा दावा तपासून पाहावा असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे : इटलीतील बहुतेक रेड वाइन एकटीने पिण्यासाठी घडलेल्या नाहीत. ताटातल्या पदार्थाशी असलेला संबंध हा त्यांच्या अर्थाचाच भाग आहे. आधुनिक वाइनसमीक्षेने आधी वाइनला ताटापासून तोडले, मग त्या एकट्या वाइनला गुण दिले, आणि शेवटी 'पेअरिंग' या नावाखाली तोडलेले पुन्हा जोडून देण्याची विद्या विकायला काढली. हा दारूच्या दुकानापुरता प्रश्न नाही. हा समीक्षेचा दोष आहे, आणि साहित्य शिकवणाऱ्यांना व शिकणाऱ्यांना तो चटकन ओळखता यायला हवा.

प्रथम गुणांविषयी. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ मध्ये आपले वार्तापत्र सुरू केले आणि शंभर गुणांची मोजपट्टी रूढ केली. एका बैठकीत पन्नास-साठ वाइन ओळीने चाखायच्या, थुंकायच्या आणि प्रत्येकीला आकडा द्यायचा, अशी या परीक्षेची साधारण रीत असते. या रांगेत कोण उठून दिसणार हे उघड आहे. जी गडद, जास्त मद्यार्काची, पिकल्या फळाच्या गोडसर आभासाची आणि नव्या लाकडाच्या वासाची असेल, ती. जी आंबट, तुरट, अंगाने सडपातळ असेल ती मागे पडणार. जेवणाच्या टेबलावर मात्र पहिलीचा दुसरा पेला जड होतो आणि दुसरीची बाटली संपते. पन्नास कवितांचा गठ्ठा एका तासात तपासणाऱ्या परीक्षकाला मोठ्या आवाजाची कविता आधी ऐकू येते, तशातलाच हा प्रकार.

या अधिकारवाणीचा पायाही वाटतो तितका पक्का नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे व्हाइट वाइनच गंधहीन रंगाने लाल करून ठेवली गेली. त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या ठरीव शब्दांत केले. म्हणजे नाकाने जे घेतले ते डोळ्याने ठरवले, आणि डोळ्याने जे ठरवले ते आधी पाठ केलेल्या शब्दसंग्रहाने बोलून दाखवले. कॅलिफोर्नियाच्या राज्य-स्पर्धेतील परीक्षकांना तीच वाइन नकळत तीनदा देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये रॉबर्ट हॉजसन यांनी मांडले. सुमारे दहा टक्केच परीक्षकांना स्वतःच्या मताशी सुसंगत राहता आले. यावरून जाणकारी खोटी ठरत नाही. एवढेच ठरते की एकाकी वस्तूवर आकडा ठोकण्याची कृती तिला वाटते तितकी वस्तुनिष्ठ नसते.

आता भाषेविषयी, कारण आपल्या दृष्टीने खरी हानी तेथे आहे. मराठीतले वाइनविषयक लेखन ही वर्णने जशीच्या तशी उचलते. ज्या वाचकाने ब्लॅककरंट हे फळ पाहिलेले नाही त्याला वाइनमध्ये ब्लॅककरंट शोधायला सांगितले जाते. तो सापडला नाही म्हणजे आपली जीभ अडाणी, असे तो समजतो. हा न्यूनगंड विकत घेण्याची काही गरज नव्हती. रेड वाइनविषयी बोलताना सर्वांत महत्त्वाचा जो शब्द लागतो तो मराठीत घरोघर आहे : तुरट. इंग्रजीला त्यासाठी औषधाच्या बाटलीवर शोभेल असा पुस्तकी शब्द वापरावा लागतो. आपल्याकडे जांभूळ खाल्लेल्या पोरालाही तो माहीत असतो. षड्रसांत कषाय म्हणून त्याला मानाचे स्थान आहे. आंबट, तुरट, कडवट, जड, हलके, तोंडाला पाणी सुटणे, जीभ खरखरणे, तोंड मिटून येणे, घशाशी जळजळणे एवढी शिदोरी असताना आपण चामडे आणि सिगारपेटी कोठे शोधत बसलो आहोत?

या साध्या शब्दांनी विचार केला तर इटालियन रेड वाइन आणि जेवण यांचे नाते बरेच स्पष्ट होते. द्राक्षाच्या साली, बिया आणि काही वेळा लाकडी पिंप यांतून वाइनमध्ये टॅनिन येतात. ती लाळेतील प्रथिनांना पकडतात, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड तुरट होते. सोबत मांस, चीज, चरबी असेल तर टॅनिन तेथे गुंततात आणि तुरटपणाची धार कमी होते. उलट बाजूने, त्या तुरटपणामुळे तोंडातला तेलकटपणा निघून जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. मीठ कडवटपणा व तुरटपणा दोन्ही सौम्य करते. आंबट पदार्थासमोर कमी आंबट वाइन ठेवली तर ती पाणचट लागते. तिखटासमोर जास्त मद्यार्काची वाइन ठेवली तर आग भडकते, कारण मिरचीतला कॅप्सेसिन आणि मद्यार्क दोघेही जळजळीच्या एकाच संवेदकाला चेतवतात. एवढ्या चार-पाच गोष्टी समजल्या की कोष्टकाचे काम उरत नाही.

उदाहरणे घेऊ. टस्कनीतील कियांतीचे मुख्य द्राक्ष सांजोवेझे. आंबटपणा भरपूर, तुरटपणा बऱ्यापैकी. कोष्टक सांगते, कियांती म्हणजे फ्लॉरेन्सचा जाडजूड बीफ-स्टेक. जोडी बरोबरच आहे. पण टस्कनीच्या शेतकऱ्याच्या ताटात तो स्टेक वर्षातून किती दिवस असणार? रोजचे होते ते रिबोल्लिता : शिळा अळणी पाव, पांढरे घेवडे, काळसर कोबीची पाने, ऑलिव्हचे तेल, काल शिजवलेले आज पुन्हा उकळलेले. शिळ्या भाकरीचे कुटके करून खाणाऱ्या समाजाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. या मऊ, पिठूळ, तेलाने जड झालेल्या जेवणाला कियांतीचा आंबट-तुरटपणा उभारी देतो. ताटात मांस नसले तरी ही जोडी जमते, कारण तिचा आधार मांस हा नसून जेवणाचा पोत आणि त्यातली स्निग्धता हा आहे.

दुसरे उदाहरण लाम्ब्रुस्कोचे. एमिलिया प्रांतात मोदेना आणि रेज्जोच्या परिसरात होणारी ही बुडबुड्यांची, थंड करून प्यायची रेड वाइन. गुणांच्या यादीत ती फारशी वर चढत नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत तिची गोड आवृत्ती अमेरिकेत अमाप खपली आणि प्रतिष्ठितांच्या लेखी ती कायमची बाद झाली. पण एमिलियाचे जेवण काय आहे ते पाहा : डुकराच्या मांसाचे नाना प्रकार, मोर्तादेल्ला, पाय भरून केलेला झाम्पोने, डुकराच्या चरबीत तळलेल्या पिठाच्या पुऱ्या. या चरबीपुढे बुडबुडे, आंबटपणा आणि थंडावा यांच्याइतके कामाचे काही नाही. तेथे चौदा-पंधरा टक्के मद्यार्काची मानाची बाटली उघडणे म्हणजे लग्नातल्या पंगतीत शास्त्रीय गायकाला वाढायला उभे करण्यासारखे आहे. गायक थोर असेल. वाढप होणार नाही.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न 'चांगली वाइन कोणती?' हा नसून 'ताटात काय आहे आणि त्याला काय कमी पडते?' हा आहे. बारोलो महाग आहे म्हणून ती चांगल्या जेवणाला चालतेच असे नाही. नेब्बिओलो द्राक्षाची ही वाइन कायद्याने किमान ३८ महिने मुरवावी लागते, तिचा तुरटपणा दांडगा असतो आणि तिला तासन्‌तास शिजलेले मांस किंवा जुने चीजच पेलते. त्याच टेकड्यांवरची माणसे रोजच्या जेवणाला पीत आली ती दोल्चेत्तो किंवा बार्बेरा. दोल्चेत्तोत आंबटपणा कमी आणि तुरटपणा माफक. बार्बेरात तुरटपणा कमी आणि आंबटपणा भरपूर. व्हेनेतोतली आमारोने द्राक्षे सुकवून करतात, तिचा मद्यार्क पंधरा टक्क्यांच्या पुढे जातो. ती साध्या पास्त्यासोबत ओतणे हा पास्त्यावर अन्याय आहे. आणि बाटलीवरचे नाव हे वाचायला शिकावे लागते, नुसते ओळखून भागत नाही. 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुझ्झो' यात मोन्तेपुल्चानो हे द्राक्ष आहे, 'व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो' यात ते टस्कनीतले गाव आहे आणि द्राक्ष सांजोवेझे आहे. शब्द एक, अर्थ दोन. संदर्भाशिवाय अर्थ लागत नाही हे आपण विद्यार्थ्यांना वेगळे काय सांगतो?

आता 'माशांबरोबर व्हाइट' या नियमाकडे वळू. त्याला काही आधार आहे. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की वाइनमधील लोह समुद्री खाद्याशी मिळून तो नकोसा मासळीचा वास मागे ठेवते. आणि रेड वाइनमध्ये लोह अनेकदा जास्त असते. पण या निष्कर्षातून निघते ते 'लोह जास्त असेल तर' असे सशर्त विधान. कोष्टकाने त्यातली अट गाळली आणि धर्माज्ञा तयार केली. लिव्होर्नो या बंदरातले लोक काचूक्को नावाचे माशांचे दाट, टोमॅटो-लसणाचे, किंचित तिखट कालवण शतकभराहून अधिक काळ कोवळ्या रेड वाइनबरोबर खात आले आहेत. तेथे वाइनला सामना करायचा असतो तो माशापेक्षा रश्श्याशी. मराठी स्वयंपाकघरात हे कोणालाही पटेल. पापलेट तळले आणि पापलेटाचे आंबट-तिखट केले, तर मासा एकच असला तरी जेवण एक राहत नाही.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील की हे तर सोपे झाले : ज्या मातीत वाइन, त्याच मातीत पदार्थ, जे एकत्र उगवते ते एकत्र शोभते. कोष्टकवाल्यांच्या विरोधात उभा राहिलेला हा देशीवादी पक्ष आज फार लोकप्रिय आहे, आणि मला तोही तितकाच अपुरा वाटतो. मातीचे गुणगान करणाऱ्यांनी पिएमोन्तेच्या बान्या काउदाकडे पाहावे. लसूण, ऑलिव्हचे तेल आणि खारवलेले अँचोव्ही मासे मंद आचेवर विरघळवून केलेले हे गरम कालवण. त्यात भाज्या बुडवून खायच्या आणि सोबत बार्बेरा किंवा दोल्चेत्तो प्यायची. द्राक्षवेलांच्या त्या टेकड्यांवरचा हा अस्सल, अगदी ओळख सांगणारा पदार्थ. पण पिएमोन्तेला समुद्र नाही! अँचोव्ही आले ते लिगुरियाच्या किनाऱ्यावरून, मिठाच्या व्यापारी वाटांनी. त्यांची विक्री करत गाडे ओढणारे फिरस्ते डोंगरखोऱ्यांतून हिंडत असत. थंड प्रदेशातल्या त्या ताटातले ऑलिव्हचे तेलही बहुतांशी त्याच वाटेने आले. एकाच पदार्थाने दोन्ही पक्षांची अडचण होते : मासा आहे म्हणून व्हाइट हवी होती, ती नाही, आणि एका मातीतले म्हणावे तर मासा परगावचा.

टोमॅटोचेही तेच. सांजोवेझे आणि टोमॅटो यांची जोडी 'सनातन' असल्यासारखे लिहिले जाते. टोमॅटो अमेरिकेतून सोळाव्या शतकात आला. छापील पाककृतीत त्याची चटणी दिसते ती १६९० च्या दशकात, नेपल्समधल्या आन्तोनिओ लातीनीच्या ग्रंथात. आणि पास्त्याशी त्याचे लग्न सर्वत्र रुळले ते एकोणिसाव्या शतकात. खुद्द कियांतीसुद्धा अनादि नाही. बेत्तिनो रिकासोली या सरदाराने, जो संयुक्त इटलीचा पंतप्रधानही होता, १८७२ मधल्या एका पत्रात आपल्या प्रयोगांचा निष्कर्ष लिहून ठेवला : सांजोवेझेने सुगंध आणि जोम, कानायोलोने मार्दव, आणि लवकर प्यायच्या रोजच्या वाइनमध्ये थोडे मालव्हासिया हे पांढरे द्राक्ष. मुरवायच्या वाइनमध्ये ते पांढरे द्राक्ष टाळावे, हेही त्याने सांगितले होते. १९६७ मध्ये कियांतीला कायदेशीर नाममान्यता मिळाली तेव्हा नियमाने दहा ते तीस टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. म्हणजे मूळ संहितेतली अट गाळून भाष्यकारांनी तिचा नियम केला! १९७१ च्या हंगामाची 'तिन्यानेल्लो' आन्तिनोरी घराण्याने कियांती हे नाव सोडून साधी 'टेबल वाइन' म्हणून बाजारात आणली ती या जाचाला कंटाळून. आणि २००६ च्या हंगामापासून कियांती क्लासिकोत तीच पांढरी द्राक्षे पूर्ण निषिद्ध झाली. सक्तीपासून बंदीपर्यंतचा प्रवास चाळीस वर्षांत. यातली कोणती अवस्था 'परंपरा' म्हणायची?

बारोलोच्या टेकड्यांवर १९८० च्या दशकापासून जे भांडण झाले तेही याच प्रश्नावर होते. तरुणांनी वडिलांची मोठी जुनी पिंपे मोडीत काढून लहान फ्रेंच ओकची पिंपे आणली, वाइन लवकर पिण्याजोगी आणि परदेशी समीक्षकांना रुचेल अशी केली. जुन्या मंडळींपैकी बार्तोलो मास्कारेल्लो यांनी लहान पिंप आणि तेव्हाचे राजकारणी बेर्लुस्कोनी या दोघांनाही एकाच दमात नकार देणारे लेबल स्वतः रंगवून बाटलीवर लावले. दोन्ही बाजूंना चांगली वाइन करणारी माणसे होती. परंपरा म्हणजे अशी भांडणे. मातीतून आपोआप उगवणारा कोंब नव्हे. वाइन आणि पदार्थ यांचे नाते माणसांनी घडवलेले, व्यापाराने, कायद्याने, टंचाईने आणि हट्टाने घडवलेले आहे. म्हणून ते मूळ मातीबाहेरही नव्याने घडू शकते. मातीचा सिद्धान्त खरा असता तर आपण सर्वांनी हा विषय सोडूनच द्यायला हवा होता.

टंचाई हा शब्द वर आला तो सहज आलेला नाही. जे लांगे खोरे आज बारोलो आणि पांढऱ्या ट्रफल्ससाठी प्रसिद्ध आहे, जेथील द्राक्षमळ्यांना २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेथलाच बेप्पे फेनोल्यो हा कादंबरीकार. त्याची 'ला मालोरा' ही १९५४ ची छोटी कादंबरी त्या टेकड्यांवर गडी म्हणून राबणाऱ्या मुलाची आहे. तीत एका घरच्या जेवणाचे वर्णन येते : टेबलावर दोरीने एक अँचोव्ही टांगलेला आहे, आणि माणसे आपापला पोलेन्ताचा तुकडा त्यावर आळीपाळीने घासून खातात, माशाला माशाचे रूप उरले नाही तरी आणखी काही दिवस घासतच राहतात. नुतो रेव्हेल्ली यांनी १९७७ मध्ये याच भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे जे पुस्तक केले, त्याच्या नावातच पराभूतांचे जग आहे. बान्या काउदाच्या वाडग्याभोवती बसून बार्बेराचे कौतुक करताना टांगलेला तो अँचोव्ही आठवला तर चव बिघडत नाही; उलट ती का आहे हे कळते. आंबट, तुरट, झणझणीत वाइन आणि खारट मासा ही पिठूळ, अळणी, अपुऱ्या जेवणाला गिळण्याजोगे करण्याची साधने होती. चामडे-चेरीची भाषा नेमका हा इतिहास पुसून टाकते. म्हणूनच ती मला नुसती हास्यास्पद वाटत नाही, अन्यायकारकही वाटते.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राला हे नवे वाटू नये. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचा उलगडा करताना दृष्टान्त घेतला तो जेवणाचा : नाना व्यंजनांच्या संयोगातून जे निष्पन्न होते आणि सुमनस् माणूस ज्याचा आस्वाद घेतो, तो रस. तेथे जोर संयोगावर आहे. एकट्या घटकात रस शोधणाऱ्याला भरताने वेड्यात काढले असते. 'आस्वादक समीक्षा' हा शब्द आपण ज्या कुळातून उचलला, त्या कुळात चव ही संबंधातून होणारी घटना होती. पुढे वर्गात आपण तिचे गाईड केले. कवितेची मध्यवर्ती कल्पना, प्रतिमांची यादी, 'येथे कवीने समर्पक प्रतिमा योजली आहे' हे वाक्य आणि शेवटी पाचपैकी गुण. कविता कोणत्या आयुष्यात, कोणत्या वाचकाच्या कोणत्या वेळी वाचली जाते हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर. विद्यार्थ्याने बोर्दोच्या त्या ५४ जणांसारखे रंग पाहून शब्द म्हणावेत, एवढीच अपेक्षा. कवीचे नाव बदलून तीच कविता दिली तर उत्तरपत्रिकेतली विशेषणे बदलतील, याची खात्री आपल्यापैकी प्रत्येकाला आहे.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला : मग जाणकारांची गरजच नाही काय? आहे, आणि ती मोठी आहे. बिघडलेली वाइन ओळखणे, कोणत्या उतारावरचे द्राक्ष कसे पिकते हे सांगणे, बाटलीवरच्या नावामागचा कायदा उलगडणे हे जाणकाराचे काम आहे. सोल्दातीने केले ते हेच : तो गावात गेला, माणसांना भेटला, त्यांनी काय खाल्ले ते त्याने लिहिले. संहितेविषयी माहिती देणारा अभ्यासक आणि संहितेविषयी मत पाठ करून घेणारा गाईडकार यांत आपण जो भेद करतो तोच येथेही करावा.

दुसरा आक्षेप : मग ज्याला जे आवडेल ते खरे? अजिबात नाही. संबंध तपासून पाहता येतो. तरुण बारोलोबरोबर कालव खाल्ले तर तोंडात धातूची चव येते. ती कोणाच्या मताने नाहीशी होत नाही. गुणांच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा अधिक कठोर आहे, कारण ती कोणीही, कोणत्याही ताटावर, स्वतः करू शकतो आणि दुसऱ्याने केलेला दावा खोडू शकतो. आवडीनिवडीचा मोकाट कारभार आणि अधिकाऱ्याचा आकडा यांच्या मधली ही जागा समीक्षेची आहे. तिथे आपण उभे राहायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप नैतिक : मद्याची ही भलामण कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्यपानाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही. ते मान्य करूनच हे लिहितो आहे. पिऊ नये असे ज्यांना वाटते त्यांनी जरूर पिऊ नये. पण जे पितात त्यांना ती जेवणाबरोबर, थोडी, लक्ष देऊन पिण्याची भाषा नसावी आणि फक्त प्रतिष्ठेची भाषा असावी, यात कोणते नैतिक हित साधते ते मला समजत नाही.

शेवटी आपल्या ताटाकडे येऊ, कारण हा विषय आता परका राहिलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरात सांजोवेझेचे वेल आहेत. इटालियन आणि भारतीय भावंडांनी मिळून उभ्या केलेल्या, 'भाऊ' असाच अर्थ असलेल्या 'फ्रातेल्ली' या कंपनीने टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली ते लावले. तेथल्या 'सेत्ते' या वाइनमध्ये सांजोवेझेला कॅबर्ने सोव्हिन्यॉची जोड आहे. टस्कनीत हे द्राक्ष शरद ऋतूत खुडतात. महाराष्ट्रात ते उन्हाळा चढण्याआधी खुडावे लागते. माळशिरस तालुक्यातले सांजोवेझे हे कियांतीचे भाषांतर आहे, आणि भाषांतराला मूळ संहितेचे जोडीकोष्टक लागू पडेलच असे नाही. त्याच्याबरोबर काय खावे हे फ्लॉरेन्समध्ये कोणी ठरवून ठेवलेले नाही. ते आपल्याला ठरवावे लागेल, आणि त्यासाठी लागणारे शब्द आपल्याजवळ आहेत.

आरंभ असा करता येईल. तांबड्या रश्श्यापुढे बारोलो किंवा आमारोने ठेवू नये. तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही तिखटाची आग वाढवतील, पैसे जातील आणि रस्साही जाईल. तेथे काही ठेवायचेच असेल तर थंड केलेली, किंचित गोडसर लाम्ब्रुस्को. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचे कूट आणि तेल आहे. मसाला माफक असेल तर बार्बेराचा आंबटपणा तेथे चांगले काम करील. कमी तिखटाच्या, खोबऱ्याच्या वाटणातल्या सुक्या मटणाला सांजोवेझे पेलेल. चिंच-गुळाच्या आमटीचा गोडवा मात्र बहुतेक कोरड्या रेड वाइनला कडवट करून सोडील. तेथे पाणीच बरे. यातले काहीही पाठ करण्यासाठी नाही. एक घोट घासाआधी घ्यावा, एक घासानंतर घ्यावा, आणि दोहोंत काय बदलले ते चेरी-चामड्याचा आधार न घेता घरच्या मराठीत सांगावे. बदल जाणवला नाही तर तसेही सांगावे.

हाच स्वाध्याय कवितेसाठी देण्याचे धाडस आपल्यापैकी किती जण करतील, हे मात्र मला खरोखरच पाहायचे आहे.